मडलेट नीट सेट करायचं असेल तर: कोणत्या क्रमाने काय करायचं आणि लोक कुठे चुकतात

टेक्स्टवर चालणारे ऑनलाईन गेम, म्हणजे मड, खेळणारे नवीन लोक मडलेट (असे गेम खेळायचं सॉफ्टवेअर) टाकतात आणि पहिल्याच दिवशी कुणाचं तरी तयार पॅकेज (ट्रिगर, शॉर्टकट वगैरेंचा तयार संच) उचलून टाकतात. मग कमांड दोनदा जातात, नकाशा विस्कटतो, ट्रिगर (अमुक ओळ आली की आपोआप होणारी कृती) आपोआप पेटतात, आणि चूक पॅकेजची की गेमची की आपली हेच कळत नाही. मी स्वतः असंच सुरू केलं होतं, शेवटी सगळी प्रोफाईल उडवून पहिल्यापासून बसलो. म्हणून सांगतो, क्रम पाळा. आधी स्क्रीनवरचा मजकूर नीट दिसू दे, मग टाइप करणं सोपं करा, मग पुढचं सगळं.

उदाहरणाला आर्डवुल्फ हा गेम घेतलाय, कारण फुकट आहे आणि मडलेटच्या यादीत आधीपासून असतो. पायऱ्या दुसऱ्या गेमलाही त्याच, फक्त कमांड वेगळ्या. एक लक्षात ठेवा, बटणांची नावं आणि कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाइप इंग्रजीतच करायच्या.

टप्पा ० : हात लावायच्या आधी

१. दोन तास साधं खेळा. काही सेट न करता. (मडलेट अजून टाकलं नसेल तर आधी टप्पा १ करून या.) शेजारी वही ठेवा आणि ज्या कमांड परत परत टाइप कराव्या लागतात त्या लिहून काढा. दहा-बारा निघतील. ही यादी नसेल तर पुढे तुम्ही दुसऱ्याच्या गरजेची शॉर्टकट बनवत बसाल.

२. पासवर्ड वेगळा घ्या. बहुतेक मड साध्या टेलनेटवर चालतात, म्हणजे पासवर्ड उघडा जातो, वाटेत कुणी बघत असेल तर त्याला दिसतो. ईमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड इथे अजिबात नको. गेम सुरक्षित कनेक्शन देत असेल तर कनेक्टच्या खिडकीत सिक्युअरची टिक असते, ती लावा, पण त्याचा पोर्ट (सर्व्हरच्या पत्त्याबरोबर द्यायचा आकडा) बहुतेक वेळा वेगळा असतो, तो गेमच्या माहितीत बघून घ्या.

३. कीबोर्ड इंग्रजीवर आणा. मराठीत चॅट करून आलो आणि कीबोर्ड तसाच राहिला, की कमांड देवनागरीत जाते आणि मडलेट वॉर्निंग देऊ शकतं की ही अक्षरं पाठवता येत नाहीत. विंडोजमध्ये विंडोज की आणि स्पेस दाबून भाषा बदलते.

४. इमर्जन्सी स्टॉपचं बटण शोधून ठेवा. खाली उजवीकडे, टाइप करायच्या पट्टीजवळ आहे. दाबलं की सगळे ट्रिगर आणि टायमर थांबतात. आत्ता एकदा दाबून बघा आणि परत चालू करा, ऐन गडबडीत शोधायला वेळ नसतो.

टप्पा १ : इन्स्टॉल आणि प्रोफाईल

मडलेट डॉट ओआरजी वरूनच उतरवा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीसाठी आहे. लिनक्सवाल्यांनी ॲपइमेज फाईलला आधी चालवायची परवानगी द्यायची, नाहीतर डबल क्लिक करून काहीच होत नाही आणि लोक समजतात फाईल खराब आहे.

उघडल्यावर कनेक्टची खिडकी येते. आर्डवुल्फचं चित्र यादीत असेल तर त्यावर क्लिक करा, नसेल तर न्यू दाबा आणि भरा: प्रोफाईलचं नाव तुमच्या मनाने, सर्व्हरचा पत्ता आर्डमड डॉट ओआरजी, पोर्ट ४०००.

इथे होणाऱ्या चुका सगळ्या बारीक आहेत पण तासभर खातात. पत्त्यापुढे वेबसाईटसारखं एचटीटीपी लावतात. पत्ता आणि पोर्ट एकाच चौकटीत लिहितात. कॉपी करताना पत्त्याच्या शेवटी एक स्पेस येते. आणि पोर्टचा आकडा इंग्रजी अंकातच हवा.

पात्राचं नाव आणि पासवर्ड याच खिडकीत भरून ठेवता येतो, मग लॉगिन आपोआप होतं. तसं केलंत तर प्रोफाईलचं फोल्डर कुणाला पाठवू नका, सेटिंग काय निवडलंय त्यावर पासवर्ड त्या फोल्डरमध्येच राहू शकतो. एका पात्राला एक प्रोफाईल ठेवा. दोन पात्रं एकात घातली की एकाचे शॉर्टकट दुसऱ्याला लागू होतात.

तपासा: कनेक्ट झालं का? नसेल तर फोनचं हॉटस्पॉट लावून बघा. कॉलेज आणि ऑफिसच्या नेटवर्कवर असे पोर्ट बंद ठेवलेले असतात, त्यात मडलेटची काही चूक नसते.

टप्पा २ : मजकूर नीट दिसणं

लोक हा टप्पा सोडतात आणि पुढचे सगळे त्रास इथूनच सुरू होतात.

१. ओळ तोडणं. गेमसुद्धा ओळ तोडतो आणि मडलेटसुद्धा. गेमने ऐंशीव्या अक्षरावर ओळ तोडली की ज्या वाक्यावर तुम्ही ट्रिगर लावणार ते दोन ओळीत येतं आणि ट्रिगर कधी पेटतो कधी नाही. कधी पेटतो कधी नाही अशी तक्रार आली की मी पहिलं हेच विचारतो. गेमच्या सेटिंगमध्ये ओळीच्या रुंदीचा किंवा रॅपचा पर्याय शोधा आणि बंद करा, किंवा जमेल तेवढा मोठा आकडा द्या. ओळी तोडायचं काम एकट्या मडलेटला करू दे, सेटिंग्जमध्ये मेन डिस्प्लेखाली रॅपचा आकडा आहे, तिथे खिडकीच्या रुंदीप्रमाणे ९० ते १२० ठेवा.

२. फॉन्ट. प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असलेलाच हवा, म्हणजे मोनोस्पेस. आर्डवुल्फमध्ये रेघा आणि चिन्हांनी काढलेला नकाशा येतो, दुसरा फॉन्ट लावला की भिंती वाकड्या होतात आणि दार कुठल्या बाजूला तेच कळत नाही.

३. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं पाठवायची पद्धत. सेटिंग्जच्या जनरलमध्ये सर्व्हर डेटा एन्कोडिंग आहे. गेम यूटीएफ-८ देत असेल तर ते निवडा, नाहीतर आहे ते राहू दे. काही मित्र आपापसात टेल (खाजगी निरोप) करताना मराठी लिहायला बघतात, त्यांच्यासाठी सांगतो, दोन्ही बाजूंना आणि सर्व्हरलाही यूटीएफ-८ चालत असेल तरच अक्षरं पोचतात, नाहीतर समोर प्रश्नचिन्हं दिसतात. आणि पोचली तरी देवनागरी अक्षरांची रुंदी मोनोस्पेसच्या चौकटीत बसत नाही, काना-मात्रा एकमेकांवर चढतात. रोमन लिपीत मराठी लिहा, सगळ्यांनाच सोपं पडतं.

तपासा: नकाशाच्या उभ्या रेघा सरळ एकाखाली एक आहेत का? लांब वर्णन वाचताना मधेच अर्धी ओळ रिकामी राहते का? राहत असेल तर दोघंही ओळ तोडतायत.

माऊसने वर स्क्रोल केलं की स्क्रीन दोन भागात फुटते, वर जुनं आणि खाली चालू. कंट्रोल आणि एंटर दाबलं की पूर्ववत. बिघडलंय समजून बंद करू नका, लढाई चालू असताना मागचं वाचायला याच्यासारखी सोय नाही.

टप्पा ३ : टाइप करायची पट्टी

सेटिंग्जमध्ये इनपुट लाईन. पाठवलेला मजकूर स्क्रीनवर दाखव, ही टिक ठेवाच. ट्रिगरने तुमच्या नावाने काय पाठवलं ते यातूनच कळतं. कमांड पाठवल्यावर पट्टी रिकामी करायची की मजकूर तसाच निवडलेला ठेवायचा हे सवयीवर आहे, मी ठेवतो, एकाच दिशेला पाच वेळा जायचं तर फक्त एंटर दाबायचं.

दोन कमांड एका ओळीत पाठवायला मधे दोन अर्धविराम, म्हणजे ;; असं. हे चिन्ह बदलता येतं पण एकच अर्धविराम ठेवू नका. गप्पांमध्ये कुणी एक अर्धविराम टाइप केला की अर्धं वाक्य कमांड म्हणून जातं.

टप्पा ४ : एलियास

आता ती वही काढा. एलियास म्हणजे छोटं टाइप केलं की मोठं जातं. वरच्या पट्टीत एलियासेस दाबा, ॲड आयटम, नाव द्या.

पॅटर्नच्या चौकटीत:
^जीसी$
कमांडच्या चौकटीत:
गेट ऑल कॉर्प्स;;सॅक्रिफाईस कॉर्प्स

मग सेव्ह आयटम, आणि यादीत नावाशेजारी टिक आली का बघा. नसेल तर ॲक्टिव्हेट दाबा. सगळं बरोबर लिहून चालत नाही म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांची ही टिकच लागलेली नसते.

पुढची टोपी (^) आणि शेवटचा डॉलर ($) विसरू नका. टोपी म्हणजे ओळ इथून सुरू, डॉलर म्हणजे इथे संपली. ती नसली तर ती दोन अक्षरं कुठल्याही शब्दात आली तरी एलियास पेटतो. त्याहून वाईट, एलियासची स्वतःचीच कमांड त्याच्या पॅटर्नमध्ये बसली की तो स्वतःला हाका मारत बसतो. मडलेट अशा वेळी इन्फिनिट लूप म्हणून सांगतं, तो मेसेज आला की आधी टोपी आणि डॉलर बघा.

पुढे नाव बदलत असेल तर पॅटर्न असा:
^क्यू (.+)$
कंसात जे येतं ते पकडलं जातं, पण ते कमांडच्या चौकटीत वापरता येत नाही, खालच्या मोठ्या स्क्रिप्टच्या चौकटीत ल्युआ या स्क्रिप्टच्या भाषेत लिहावं लागतं: सेंड, कंस उघडा, अवतरणात क्वाफ (औषध प्यायची कमांड) आणि एक स्पेस, दोन टिंबं, मॅचेस, चौकटी कंसात २, कंस बंद. १ नाही, २. कारण मॅचेसमधला पहिला म्हणजे आख्खी टाइप केलेली ओळ, आणि तुमच्या पहिल्या कंसातलं दुसऱ्या नंबरवर. अवतरणातली ती स्पेस विसरलात तर क्वाफ आणि औषधाचं नाव चिकटून जातं आणि गेम म्हणतो असली कमांडच नाही.

सावध: तीच कमांड वरच्या चौकटीतही आणि स्क्रिप्टमध्येही लिहिली तर दोनदा जाते. दोन्हीपैकी एकच.

एका अक्षराचे एलियास करू नका. एल म्हणजे लुक, आय म्हणजे इन्व्हेंटरी, एन म्हणजे नॉर्थ, ही गेमची स्वतःची आहेत, त्यावर तुमचं चढवलं की मूळ कमांड हरवते आणि दोन आठवड्यांनी आठवत नाही का हरवली.

टप्पा ५ : कीज

कीजमध्ये ॲड आयटम, ग्रॅब न्यू की, मग हवी ती की दाबा. नंबरपॅडवर दिशा लावल्या की चालणं हातात बसतं. नम लॉक चालू असताना आणि बंद असताना मडलेटला वेगवेगळ्या कीज दिसतात, त्यामुळे ज्या अवस्थेत खेळणार त्याच अवस्थेत ग्रॅब करा. लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर ऑल्ट आणि एखादं अक्षर. नुसतं अक्षर लावलंत तर टाइप करताना ते अक्षर येणंच बंद होईल.

फ्ली, म्हणजे पळ काढणं, एखाद्या एफ-कीवर ठेवा. या एका कीने माझी पात्रं जितक्या वेळा वाचली तितकी कुठल्याच ट्रिगरने वाचली नाहीत.

इथे थांबा आणि बॅकअप घ्या

आत्तापर्यंतचं सगळं चालतंय तर सेव्ह प्रोफाईल दाबा. सेव्ह आयटम आणि सेव्ह प्रोफाईल वेगळे आहेत, पहिल्याने फक्त चालू सत्रात बदल बसतो, दुसऱ्याने डिस्कवर. मधेच लाईट गेली आणि प्रोफाईल सेव्ह नसेल तर काम जाऊ शकतं. मडलेट प्रत्येक सेव्हची जुनी प्रत ठेवतं, कनेक्टच्या खिडकीत प्रोफाईल हिस्टरीमधून तारीख बघून जुनी उघडता येते. तरीही यूझरच्या फोल्डरात डॉट कॉन्फिग, त्यात मडलेट, त्यात प्रोफाईल्स, तिथलं तुमचं फोल्डर कॉपी करून दुसरीकडे ठेवा.

टप्पा ६ : ट्रिगर

ट्रिगर म्हणजे स्क्रीनवर अमुक ओळ आली की तमुक कर. पहिला आठवडा फक्त रंग आणि आवाजाचे ट्रिगर करा, काही पाठवणारे नको. उदाहरणार्थ कुणी तुम्हाला टेल केलं की ती ओळ ठळक करायची: पॅटर्नमध्ये टेल्स यू, प्रकार सबस्ट्रिंग, उजवीकडे हायलाईटची टिक, रंग निवडा, सेव्ह. गर्दीच्या लढाईत मित्राचा निरोप सुटत नाही आणि हा ट्रिगर चुकीचा पेटला तरी काही बिघडत नाही.

कमांड पाठवणारे ट्रिगर करताना पुढचं एकेक तपासा.

प्रकार कुठला? सबस्ट्रिंग म्हणजे ओळीत कुठेही. स्टार्ट ऑफ लाईन म्हणजे ओळीच्या सुरुवातीला. एक्झॅक्ट मॅच म्हणजे तंतोतंत, शेवटची एक स्पेस जास्त असली तरी पेटत नाही. पर्ल रेजेक्स म्हणजे कंस-टोपीवालं. गेमला काही पाठवणाऱ्या ट्रिगरला सबस्ट्रिंग वापरू नका. माझ्या एका पात्राला भूक लागल्याची ओळ आली की पिशवीतलं काढून खायचं असा ट्रिगर होता, सबस्ट्रिंगवर. एका संध्याकाळी सार्वजनिक चॅनेलवर कुणीतरी तेच वाक्य सहज टाइप केलं आणि माझं पात्र तिथल्या तिथे जेवलं. ते त्याच्या लक्षात आलं. मग त्याने ते वाक्य वीसेकदा टाकलं, पोट भरलेलं असताना माझं पात्र ब्रेड काढत राहिलं आणि पिशवी रिकामी झाली, मी तेव्हा चहा आणायला उठलो होतो. प्रकार स्टार्ट ऑफ लाईन केला असता तर हे झालंच नसतं, कारण चॅनेलवरच्या ओळीची सुरुवात बोलणाऱ्याच्या नावाने होते.

ओळ कुठून घेतली? आठवणीतून टाइप करू नका. स्क्रीनवरून कॉपी करा. रेजेक्स असेल तर पूर्णविराम, कंस, चौकटी कंस, तारा, अधिक आणि प्रश्नचिन्ह यांच्या आधी उलटी तिरकी रेघ लावा, त्यांना तिथे वेगळा अर्थ असतो. आर्डवुल्फचा प्रॉम्प्टच (तब्येतीचे आकडे दाखवणारी, परत परत येणारी ओळ) चौकटी कंसाने सुरू होतो, त्यामुळे प्रॉम्प्टवर ट्रिगर लावणारे इथे हटकून अडकतात.

एकापेक्षा जास्त पॅटर्न आहेत? एका ट्रिगरमध्ये तीन ओळी टाकल्या तर तिन्हीपैकी कुठलीही एक आली तरी तो पेटतो. तिन्ही आल्यावरच पेटायला हवा असेल तर मल्टीलाईनची वेगळी टिक आहे.

कमांड फसली तर काय? सगळ्यात महत्त्वाचं हेच. समजा तब्येत खाली गेली की औषध प्यायचं. औषध संपलं. गेम सांगतो तुझ्याकडे ते नाही, खाली परत प्रॉम्प्ट येतो, त्यात तब्येत खालीच, ट्रिगर परत पेटतो, परत प्यायला बघतो, सेकंदाला कितीतरी वेळा. गेम तुम्हाला स्पॅम म्हणून बाहेर काढू शकतो आणि तोवर तुमची पळायची कमांड त्या गर्दीत मागे रांगेत उभी असते. म्हणून कुलूप लावा: स्क्रिप्टमध्ये एक व्हेरिएबल ठेवा, कमांड पाठवताना ते बंद म्हणून नोंदवा, टेम्प टायमरने ३ सेकंदांनी परत मोकळं करा, आणि ट्रिगरने आधी ते मोकळं आहे का बघायचं.

सावध: तुम्ही कीबोर्डजवळ नसताना पात्र आपोआप खेळतंय हे बऱ्याच मडमध्ये नियमाबाहेर आहे, आर्डवुल्फमध्येही. पात्र कायमचं जाऊ शकतं. प्रत्येक गेमची ऑटोमेशनवरची हेल्प फाईल वाचल्याशिवाय पाठवणारा ट्रिगर लावू नका.

तपासा: एडिटरमध्ये खाली एरर्स आणि डीबग अशी बटणं आहेत. डीबगची खिडकी उघडून ठेवली की कुठला ट्रिगर कुठल्या ओळीवर पेटला ते दिसतं. अंदाज करत बसण्यापेक्षा पाच मिनिटं ती बघा.

टप्पा ७ : तब्येतीच्या पट्ट्या

प्रॉम्प्टमधून आकडे काढायची गरज नाही, आर्डवुल्फ ते जीएमसीपीवरून (स्क्रीनवर न दिसता माहिती पाठवायची पद्धत) वेगळे पाठवतो. लॉगिन झाल्यावर पट्टीत ल्युआ जीएमसीपी असं टाइप करा, आलेला सगळा डेटा समोर येतो. त्यात चार (इंग्रजी कॅरॅक्टरचं छोटं रूप, आकडा नव्हे) या नावाखाली व्हायटल्समध्ये आत्ताची तब्येत, आणि मॅक्सस्टॅट्समध्ये कमाल.

गेज, म्हणजे या पट्ट्या, स्क्रिप्ट्समध्ये बनवायचे, गायझर गेज नावाची तयार सोय आहे, मॅन्युअलमधलं उदाहरण घेऊन नावं बदला. त्यात चार जागा अडतात.

फंक्शनचं नाव आणि स्क्रिप्ट आयटमचं नाव एकच हवं, नाहीतर इव्हेंट (नवे आकडे आल्याची सूचना) लावूनही पट्टी हलत नाही. इव्हेंटचं नाव छोट्या-मोठ्या अक्षरांसकट जुळलं पाहिजे, आर्डवुल्फ छोटी अक्षरं पाठवतो, अकीयासारखे दुसरे गेम 'चार' आणि 'व्हायटल्स' या नावांचं पहिलं अक्षर मोठं पाठवतात, त्यामुळे एकाची स्क्रिप्ट दुसऱ्यात तशीच्या तशी चालत नाही. अकीयात हे आकडे मजकूर म्हणून येतात, तुलना करायच्या आधी टू-नंबरने आकडा करून घ्या. आणि लॉगिन होताना व्हायटल्स आले पण कमाल अजून आले नाहीत अशी एक वेळ असते, तेव्हा भागाकार फसून एरर येतो, कमाल आलं नसेल तर फंक्शनने गप परत फिरायचं.

पट्टीखाली मजकूर झाकला जातोय? सेटिंग्जमध्ये खालची बॉर्डर पट्टीच्या उंचीएवढी वाढवा.

टप्पा ८ : नकाशा आणि तयार पॅकेज

पॅकेज टाकायचं असेल तर ते आत्ता. एका वेळी एकच, टाकलं की अर्धा तास खेळा, मग दुसरं. आपले एलियास आणि त्याचे एलियास एकाच नावाचे नाहीत ना बघा. पॅकेज तुमच्या प्रोफाईलमध्ये कॉपी होतं, मॉड्युल बाहेरच्या फाईलला जोडलेलं राहतं आणि अनेक प्रोफाईलमध्ये एकच वापरता येतं, म्हणून दोन-तीन पात्रांत सारखे एलियास हवे असतील तर मॉड्युल करा.

मडलेटबरोबर साधा मॅपर येतो, मॅप बेसिक्स टाइप केलं की तो स्वतःच शिकवतो. धावत धावत मॅप करू नका, खोलीचं वर्णन यायच्या आत पुढची कमांड गेली की खोल्या चुकीच्या जोडल्या जातात. अंधारात आणि चक्रव्यूहात मॅपिंग बंद ठेवा.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी सगळ्यात आधी पट्टीत मडलेट ॲक्सेस ऑन टाइप करावं, त्याने वाचनाला सोयीची सेटिंग्ज लागतात. पट्ट्या आणि नकाशाऐवजी महत्त्वाच्या ओळींना आवाजाचे ट्रिगर लावलेले बरे पडतात.

टप्पा ९ : हळू चालत असेल तर

खाली उजव्या कोपऱ्यात दोन आकडे असतात, एन आणि एस. एन म्हणजे कमांड जाऊन उत्तर यायला लागलेला वेळ. सर्व्हर अमेरिकेत असेल तर आपल्याकडून पाव सेकंद किंवा थोडा जास्त दिसणारच, तेवढ्याने घाबरू नका. तो एक-दोन सेकंदांवर गेला तर इंटरनेट बघा, घरात कुणी काही डाउनलोड करतंय का विचारा. एस म्हणजे आलेल्या मजकुरावर तुमचे ट्रिगर चालवायला मडलेटला लागलेला वेळ. माझ्याकडे तो ०.००५ च्या आसपास असतो. एक दिवस तो ०.२ दिसायला लागला, एकेक ट्रिगर गट बंद करून बघितला तर आदल्या रात्री टाकलेल्या पॅकेजमधला एक रेजेक्स प्रत्येक ओळीवर पाच-पाच ठिकाणी काहीही-चालेल असा शोध घेत होता. तो स्टार्ट ऑफ लाईन केला आणि एस परत ०.००५ वर आला.